ढगात म्हणजे नक्की कुठं?

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी सांगलीत शिरायला लागलं, त्या संध्याकाळी मी वखारभागातल्या एका अडत दुकानात होतो. हळद आणि बेदाण्याची अडत, तीन पिढ्यांचं दुकान. मालकांना आम्ही सगळे अण्णा म्हणतो. पाणी उंबऱ्याला लागलं तसं अण्णांनी हिशेबाचा सर्व्हर, म्हणजे टेबलाखाली ठेवलेला एक साधा काळा डबा, वायरी उपसून खांद्यावर घेतला आणि वरच्या मजल्यावर नेला. यूपीएस खालीच राहिला. प्रिंटर राहिला. आणि टेबलाच्या तळच्या कप्प्यात ठेवलेली बॅकअपची हार्ड डिस्कही राहिली. पुढं आयर्विन पुलाजवळ पाण्याची पातळी ५७ फुटांच्या वर गेली. पाणी ओसरल्यावर दुकान उघडलं, तेव्हा तो कप्पा फुगून घट्ट बसला होता. पेचकसनं उचकटून काढला. डिस्कच्या कव्हरमध्ये गाळ भरला होता आणि कव्हरवर माझ्या अक्षरात लिहिलेली तारीख अजून वाचता येत होती.

वर नेलेला सर्व्हर दोन दिवस वाळवला आणि तो सुरू झाला. सहा वर्षांची खाती वाचली ती एका माणसाच्या खांद्यामुळं.

महिन्याभरानं मी म्हटलं, "अण्णा, आता हे क्लाउडवर टाकू या." त्यांनी विचारलं, "क्लाउड म्हणजे ढग ना? मग ढगात म्हणजे नक्की कुठं, ते सांग. माल कुठं ठेवलाय ते ठाऊक नसताना मी पावती घेत नाही."

त्या दिवशी मी काहीतरी मोघम बोललो. त्यानंतर अनेक दुकानांत, दवाखान्यांत आणि एमआयडीसीतल्या कारखान्यांत हाच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत ऐकला. त्याचं नीट उत्तर द्यायला हवं, म्हणून हे लिहितोय.

आधी नावाचा उलगडा. नेटवर्कचा आराखडा काढताना आपल्या ताब्यातली यंत्रं चौकोनांनी दाखवतात आणि बाहेरचं जाळं, ज्याच्या आतल्या तपशिलाशी आपल्याला कर्तव्य नाही, ते ढगाच्या आकारानं दाखवायची जुनी पद्धत आहे. नाव तिथून आलं. प्रत्यक्षात सगळं जमिनीवर आहे, सिमेंटच्या इमारतींत. मायक्रोसॉफ्टनं २०१५ मध्ये पुणे, चेन्नई आणि मुंबई इथं आपली केंद्रं सुरू केली. अ‍ॅमेझॉननं जून २०१६ मध्ये मुंबईत, गूगलनं २०१७ मध्ये मुंबईतच. ऐरोली, रबाळे, महापे या पट्ट्यातून रेल्वेनं गेलात तर खिडक्या नसलेल्या, बाहेर मोठमोठे जनरेटर आणि गच्चीवर कूलिंगची यंत्रं असलेल्या इमारती दिसतात. ती डेटा सेंटरं. मुंबईकडं ओढा असण्याची कारणं उघड आहेत. परदेशाशी जोडणाऱ्या समुद्राखालच्या केबल वर्सोव्याच्या बाजूला किनाऱ्यावर येतात, बँका आणि शेअर बाजार इथंच आहेत, आणि वीजपुरवठा देशातल्या बऱ्याच शहरांपेक्षा भरवशाचा आहे.

अशा इमारतीत लोखंडी रॅकच्या रांगा असतात आणि रॅकमध्ये सर्व्हर. वीज दोन वेगवेगळ्या मार्गांनी येते. ती गेली तर बॅटऱ्या काही मिनिटं भार उचलतात, तेवढ्यात डिझेल जनरेटर सुरू होतात. इंटरनेटच्या फायबरही वेगवेगळ्या बाजूंनी येतात, म्हणजे रस्ता खणताना एक तुटली तरी काम अडत नाही. हार्ड डिस्क खराब होणं तिथं रोजचंच असतं. माणूस येतो, बदलतो, जातो. ग्राहकाला पत्ताही लागत नाही.

हे सगळं आपल्या दुकानाला परवडणारं नाही, आणि धंद्याला क्लाउड का लागतो याचं निम्मं उत्तर तिथंच आहे. उरलेलं निम्मं समजायला सांगलीपासून दोन-तीन किलोमीटरवर, हरिपूरला यावं लागेल.

हरिपूरची पेवं ऐकून माहीत असतील. जमिनीत खोल खणलेली, वर तोंड लहान आणि आत पोट मोठं, अशी हळद साठवायची कोठारं. तिथली माती अशी की हळद वर्षानुवर्षं टिकायची, कीड लागायची नाही. कितीतरी पिढ्यांचा व्यापार त्या पेवांवर चालला. २००५ च्या महापुरात पेवांमध्ये पाणी शिरलं आणि आतली हळद गेली. त्यानंतर माल वखारींकडं आणि शीतगृहांकडं वळला. पेव वाईट नव्हतं. पण माल एकाच जागी, आणि ती जागा नदीकाठी होती. टेबलाखालचा सर्व्हर हे असंच पेव आहे.

बेदाण्याचं शीतगृह मात्र क्लाउडसारखं आहे. तासगाव-सांगलीचा व्यापारी सहसा स्वतःचं शीतगृह बांधत बसत नाही. बॉक्स ठेवतो, बॉक्समागं महिन्याचं भाडं देतो, दिवाळीच्या तोंडावर माल काढला की भाडं थांबतं. कॉम्प्रेसर बिघडला तर मालक बघून घेतो. पण एक गोष्ट मालक करत नाही. तुम्ही ओलसर बेदाणा ठेवलात, तर तो वाळवून देत नाही. पावती हरवलीत, खोटी सही करून कुणी माल उचलला, तर तो तुमच्यासाठी भांडायला येत नाही. जागा त्यांची, माल आपला. क्लाउडच्या व्यवहारात हे वाक्य सतत लक्षात ठेवावं लागतं, आणि घोडं पेंड खातं ते नेमकं इथंच.

आता भाड्यानं नक्की काय मिळतं ते पाहू. डेटा सेंटरमधला एक सर्व्हर आपल्या ऑफिसातल्या संगणकाच्या कित्येक पट ताकदीचा असतो. त्यावर एक सॉफ्टवेअर चालतं, त्याला हायपरवायझर म्हणतात. ते त्या एका यंत्राचे आभासी तुकडे पाडतं. प्रत्येक तुकड्याला आपला प्रोसेसरचा वाटा, आपली मेमरी, आपली डिस्क. आत बसलेल्याला वाटतं की आपला स्वतंत्र संगणक आहे, आणि शेजारच्या तुकड्यात कोण आहे हे त्याला दिसत नाही. तुम्ही स्क्रीनवर चार प्रोसेसर, सोळा जीबी मेमरी असं निवडता आणि दोन-तीन मिनिटांत विंडोज किंवा लिनक्स चालू झालेलं यंत्र हातात येतं. अ‍ॅमेझॉननं २००६ च्या मार्चमध्ये साठवणुकीची आणि ऑगस्टमध्ये अशा यंत्रांची भाडेसेवा सुरू केली, तेव्हापासून हा धंदा उभा राहिला. त्याआधी सर्व्हर हवा म्हणजे कोटेशन, ऑर्डर, मग डिलिव्हरीची वाट.

अण्णांचं टॅली, म्हणजे हिशेबाचं सॉफ्टवेअर, आज अशाच एका भाड्याच्या विंडोज यंत्रावर चालतं. दुकानातले दिवाणजी, मार्केट यार्डातला मुलगा आणि सीएंच्या ऑफिसातला माणूस, तिघं आपापल्या जागेवरून त्याच यंत्रात शिरतात. यात यंत्र क्लाउडवाल्याचं, पण विंडोजचे अपडेट, पासवर्ड, कुणाला आत घ्यायचं, बॅकअप, हे सगळं आपलं. याच्या वरची पायरी अशी की डेटाबेससारखी गोष्ट चालवण्याचं, अपडेट करण्याचं कामही क्लाउडवाला करतो, आपण फक्त आपला प्रोग्राम आणि माहिती ठेवायची. त्याहून वरची पायरी म्हणजे तयार सॉफ्टवेअरच भाड्यानं घेणं. जीमेल किंवा झोहो बुक्स वापरता तेव्हा खाली कुठलं यंत्र आहे हे विचारायची गरजच उरत नाही. जितकं वर जाल तितकी कटकट कमी आणि मोकळीकही कमी. ज्या धंद्यात स्वतःचा संगणक माणूस नाही, त्यानं शक्यतो सगळ्यात वरच्या पायरीवर राहावं असं माझं स्पष्ट मत आहे. कंटेनर, कुबरनेटीस हे शब्द विक्रेता टाकायला लागला तर त्याला नम्रपणे विचारावं की आमच्या आठ माणसांच्या ऑफिसात त्यानं काय अडणार आहे.

क्लाउड कंपन्या एका परिसरातल्या आपल्या केंद्रांच्या गटाला रीजन म्हणतात, आणि एका रीजनमध्ये वेगवेगळे झोन असतात. झोन म्हणजे एक किंवा जास्त डेटा सेंटरं, ज्यांची वीज आणि जोडण्या इतर झोनपासून वेगळ्या ठेवलेल्या असतात. अ‍ॅमेझॉनच्या मुंबई रीजनमध्ये असे तीन झोन आहेत. ते एकमेकांपासून काही किलोमीटर लांब, पण १०० किलोमीटरच्या आत. एका झोनला आग लागली तर दुसरा चालावा ही कल्पना. पण तुमचं यंत्र एकाच झोनमध्ये असेल आणि त्याची प्रत दुसरीकडं ठेवायला तुम्ही सांगितलं नसेल, तर ती आपोआप ठेवली जात नाही. लोक इथं फसतात. "क्लाउडवर आहे म्हणजे बॅकअप आहेच ना?" असं मला डॉक्टरांनी विचारलंय, इंजिनिअरांनी विचारलंय.

१० मार्च २०२१ ला फ्रान्समधल्या स्ट्रासबर्ग शहरात ओव्हीएच या युरोपातल्या मोठ्या क्लाउड कंपनीच्या डेटा सेंटरला आग लागली. पाच मजली इमारत जळून गेली, शेजारच्या इमारतीचाही काही भाग गेला. ज्यांनी दुसऱ्या शहरात प्रत ठेवली होती ते सावरले. काही ग्राहकांनी बॅकअप घेतला होता, पण तो त्याच आवारात होता. सर्व्हर आणि बॅकअप दोन्ही गेले. ती बातमी वाचताना मला तळचा कप्पा आठवला.

दुसरा प्रसंग मे २०२४ मधला, ऑस्ट्रेलियातला. युनिसुपर हा तिथला मोठा पेन्शन फंड, सहा लाखांच्या वर सभासद. त्यांची यंत्रणा गूगलच्या क्लाउडवर होती, आणि दोन वेगळ्या झोनमध्ये होती, म्हणजे नियमाप्रमाणं सगळं बरोबर. पण ती यंत्रणा उभारताना गूगलच्या बाजूनं एक रकाना रिकामा राहिला होता. त्यामुळं त्या यंत्रणेला आपोआप मुदत लागली आणि मुदत संपल्यावर ती पुसली गेली. दोन्ही झोनमधली एकदम. युनिसुपरनं आणखी एक बॅकअप वेगळ्याच कंपनीकडं ठेवला होता, सावरायला त्याचा मोठा आधार झाला. तरी सेवा पूर्ववत व्हायला आठवड्याहून जास्त वेळ गेला.

म्हणून मी आता प्रत्येकाला एवढंच सांगतो की एक प्रत क्लाउडवर, एक प्रत वेगळ्या कंपनीकडं किंवा वेगळ्या शहरात, आणि ती दुसरी प्रत पहिल्याच्या पासवर्डनं पुसता येऊ नये. शेवटची अट सगळ्यात महत्त्वाची. आज डेटा जाण्याची भीती पुरापेक्षा रॅन्समवेअरची, म्हणजे फाइलींना कुलूप लावून खंडणी मागणाऱ्या प्रोग्रामची, जास्त आहे. आत शिरलेला चोर आधी बॅकअप शोधतो.

करारात ९९.९ टक्के सेवा चालू राहील असं लिहिलेलं असतं, त्याचाही अर्थ लावून घ्या. ३० दिवसांच्या महिन्यात ९९.९ टक्के म्हणजे ४३ मिनिटं बंद चालेल. ९९ टक्के म्हणजे सात तासांच्या वर. आणखी एक ९ जोडला, ९९.९९ केलं, तर सव्वाचार मिनिटं. हा शब्द मोडला तर भरपाई म्हणून बहुधा बिलात सूट मिळते. सौद्याच्या दिवशी तुमचा जो व्यवहार बुडाला, तो कुणी भरून देत नाही. आणि खरं सांगायचं तर आमच्याकडं क्लाउड बंद पडण्यापेक्षा दुकानाचं इंटरनेट बंद पडण्याचे प्रसंग किती तरी जास्त. दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या लाइन घ्या. दुसरी लाइन म्हणून मोबाइलचं डोंगलही चालतं, पण ते चार्ज केलेलं हवं.

आता बिल. क्लाउडचं बिल शीतगृहाच्या भाड्यापेक्षा विजेच्या बिलासारखं असतं. मीटर सतत फिरतो. यंत्र चालू आहे तेवढे तास, डिस्क जितकी घेतली तितकी, बाहेर पाठवलेला डेटा जितका तितका. डेटा आत आणायला बहुतेक ठिकाणी पैसे नाहीत, बाहेर काढायला आहेत. हे आधी माहीत नसलं की दुसऱ्या कंपनीकडं जाताना धक्का बसतो. महिन्याचे साधारण ७३० तास. अण्णांचं दुकान दिवसाला दहा तास, महिन्याला २६ दिवस चालतं, म्हणजे २६० तास. उरलेले ४७० तास यंत्र बंद ठेवलं तर यंत्राच्या भाड्याचे जवळजवळ दोन तृतीयांश पैसे वाचतात. डिस्कचं भाडं मात्र चालूच राहतं. आम्ही रात्री आठला आपोआप बंद आणि सकाळी साडेनऊला आपोआप चालू असं लावून दिलं.

छोट्या छोट्या गोष्टी साचतात. फेब्रुवारी २०२४ पासून अ‍ॅमेझॉन प्रत्येक सार्वजनिक आयपी पत्त्याला, म्हणजे यंत्राच्या इंटरनेटवरच्या क्रमांकाला, तासाला अर्धा सेंट आकारतं. ऐकायला काहीच नाही, पण वर्षाचे ८,७६० तास गुणा, एका पत्त्याचे ४४ डॉलरच्या आसपास होतात. एका कारखान्याच्या खात्यात मला असे सहा पत्ते सापडले, आणि यंत्रं केव्हाच पुसलेली, पण त्यांच्या डिस्क तशाच भाड्यावर असलेल्या. म्हणून खातं उघडल्याच्या पहिल्याच दिवशी बजेटचा इशारा लावा. अमुक रकमेच्या वर गेलं की ईमेल यावा. तो फक्त संगणक बघणाऱ्या मुलाला नको, हिशेब बघणाऱ्या माणसालाही यावा.

सगळ्यांनी क्लाउडवर जावंच असं मात्र मी म्हणणार नाही. क्लाउडचा खरा फायदा चढ-उतार असलेल्या कामाला आहे. दहावीच्या निकालाच्या दिवशी एका तासात लाखो मुलं एकाच साइटवर येतात आणि चार दिवसांनी तिथं कुणी नसतं. त्या एका दिवसासाठी यंत्रं विकत घेणं वेडेपणाच. याउलट ज्याचं काम बारा महिने सारखंच, त्याला मालकीची यंत्रं स्वस्त पडू शकतात. बेसकॅम्प हे कामाच्या नियोजनाचं सॉफ्टवेअर बनवणाऱ्या थर्टीसेव्हन सिग्नल्स या अमेरिकन कंपनीनं २०२२ मध्ये क्लाउडवर सुमारे ३२ लाख डॉलर खर्च केले, हिशेब मांडला आणि पुढच्या वर्षी स्वतःचे सर्व्हर घेऊन बरंचसं काम बाहेर काढलं. पण त्यांच्याकडं ती यंत्रं सांभाळणारी अनुभवी माणसं होती. आपल्याकडं ती आहेत का, हा प्रश्न आधी विचारावा. कुपवाडच्या एका फौंड्रीत मशिनमधून दर सेकंदाला आकडे येतात. तिथं आम्ही सर्व्हर शॉप फ्लोअरच्या बाजूलाच ठेवला आणि फक्त रात्रीची प्रत क्लाउडवर पाठवतो. तेच योग्य आहे.

कायद्याचंही थोडं. प्रायव्हेट लिमिटेड कंपनी असेल आणि हिशेबाची पुस्तकं संगणकावर असतील, तर ऑगस्ट २०२२ मधल्या दुरुस्तीनंतर त्यांचा बॅकअप रोज, प्रत्यक्ष भारतात असलेल्या सर्व्हरवर ठेवावा लागतो. म्हणून खातं उघडताना रीजन मुंबई किंवा हैदराबाद निवडलं आहे ना, ते डोळ्यांनी बघा. निवड न बदलता पुढं गेलं तर कधी कधी यंत्र अमेरिकेत उभं राहतं. ग्राहकांची, रुग्णांची वैयक्तिक माहिती ठेवत असाल तर २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आहे. सुरक्षेची वाजवी काळजी घेतली नाही तर दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये. आणि माहिती तुम्ही दुसऱ्या कुणाकडं ठेवायला दिली असली तरी कायद्यापुढं जबाबदार तुम्हीच. जागा त्यांची, माल आपला, हे कायदाही मानतो.

सगळ्यात जास्त कळकळीनं सांगायची गोष्ट यंत्राची नाहीच, खात्याच्या मालकीची आहे. मिरजेतल्या एका रुग्णालयाची वेबसाइट आणि रुग्णांच्या नोंदी एका हुशार मुलानं क्लाउडवर नेल्या. काम चोख केलं. पण खातं उघडताना त्यानं स्वतःचा ईमेल, स्वतःचा मोबाइल नंबर आणि स्वतःचं कार्ड दिलं, कारण त्या दिवशी डॉक्टर ऑपरेशनमध्ये होते. दीड वर्षानं तो नोकरी सोडून गेला, नंबर बदलला, कार्डाची मुदत संपली. बिल थकलं, आणि एका सकाळी सगळं बंद. कंपनी म्हणते, खातेदाराशीच बोलू. खातेदार तो मुलगा. कागदोपत्री रुग्णालयाचा त्या नोंदींशी काही संबंधच नव्हता. मुलगा सरळ होता, परगावातून फोनवर ओटीपी सांगत राहिला म्हणून नोंदी परत मिळाल्या. त्या तीन दिवसांत केस पेपर पुन्हा हातानं लिहिले जात होते, आणि एक वयस्क बाई काउंटरवर सांगत होत्या की माझी मागची औषधं तुमच्याकडंच लिहिलेली आहेत, माझ्याकडं काही नाही.

म्हणून मुख्य खातं फर्मच्या नावावर, फर्मच्या डोमेनच्या ईमेलवर. ओटीपीचा नंबर मालकाच्या ताब्यातला. त्या खात्यानं रोजचं काम करायचं नाही, प्रत्येक माणसाला वेगळं लॉगिन, दुहेरी पडताळणीसह. काम सोडून जाणाऱ्याचं लॉगिन त्याच संध्याकाळी बंद. आणि आणीबाणीचे रिकव्हरी कोड कागदावर लिहून पाकिटात, पाकीट तिजोरीत. अण्णांनी ते पाकीट चोपडीपूजनाच्या वह्यांबरोबर ठेवलंय.

आता आम्ही दरवर्षी मृगाच्या आधी, मेच्या शेवटच्या आठवड्यात, एक काम करतो. चालू यंत्राला हात न लावता दुसऱ्या कंपनीकडच्या बॅकअपमधून नवं यंत्र उभं करायचं, टॅली उघडायचं आणि आदल्या दिवशीची शिल्लक जुळवायची. पहिल्या वर्षी साडेपाच तास लागले, कारण बॅकअपच्या फाइलचा पासवर्ड कुणालाच आठवेना. दुसऱ्या वर्षी दोन तास. गेल्या मेमध्ये पन्नास मिनिटांत शिल्लक पैशापर्यंत जुळली. दिवाणजींनी आकडा वाचला, अण्णांनी वहीत बघितला, मान हलवली आणि मला म्हणाले, "आता सांग, या वेळचा माल कुठल्या गावाहून आला?"

"हैदराबादहून, अण्णा."

त्यांनी वहीत तारखेपुढं तसं लिहून घेतलं.